फडेप्पा चौगुले कुणाचे?

परवा एका बारशाच्या निमित्ताने निपाणीस जाणे झाले. कोल्हापुरातील जुन्या घरांपैकी असे घर विरळाच, की ज्याची एखादी लेक निपाणी-चिकोडी-बेळगावकडे दिलेली नाही, किंवा तिकडून आलेली सून ज्याच्या देवघरात रोज सांजवात लावीत नाही. दूधगंगेचा पूल ओलांडला की राज्य बदलते हे आम्हांला कागदोपत्री ठाऊक आहे. नात्यागोत्याला ते अजून पुरते उमगलेले नाही. बारसे यथासांग पार पडले, घुगऱ्या वाटून झाल्या, बायका पाळण्याभोवती गाणी म्हणत बसल्या, आणि मी जरा पाठ टेकावी म्हणून माडीवर गेलो. तेथे माझ्या मावसबहिणीचा नातू पुस्तके पसरून बसला होता. पदवीधर आहे, नोकरीच्या परीक्षा देतो. त्याच्यापुढे सामान्यज्ञानाची दोन जाडजूड पुस्तके होती, एक कानडी व दुसरे मराठी. सीमाभागातल्या मुलाला दोन्ही घोकावी लागतात. कोणते दार उघडेल याचा नेम नसतो.

मला पाहून तो म्हणाला, "आजोबा, १९२० च्या ऑलिंपिकमध्ये आपल्या बेळगावचा एक माणूस मॅरेथॉन धावला होता म्हणतात. खरं का?"

मी म्हटले, "खरं आहे. फडेप्पा दरेप्पा चौगुले."

"मग ते या दोन्हींत कसे नाहीत?" असे म्हणून त्याने दोन्ही पुस्तकांतील क्रीडाविभागाची पाने माझ्यापुढे धरली.

कानडी मला अडखळत का होईना वाचता येते. चष्मा चढवून मी दोन्ही याद्या शेवटपर्यंत पाहिल्या. मराठी पुस्तकात हेलसिंकीला १९५२ साली कांस्यपदक मिळविणाऱ्या खाशाबा जाधवांपासून २०२४ साली पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळविणाऱ्या आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेपर्यंत नावे होती. कानडी पुस्तकात त्यांच्याकडची होती. चौगुले कोठेच नव्हते. पुस्तके काढणाऱ्यांना मी फारसा बोल लावीत नाही. ते पदके मोजतात आणि चौगुल्यांना पदक मिळाले नाही. पण त्या मुलाचा प्रश्न मात्र परतीच्या गाडीत माझ्याबरोबर कोल्हापूरपर्यंत आला, आणि तो एका पुस्तकापुरता नाही हे हळूहळू ध्यानात येऊ लागले.

ज्यांना ही हकिकत ठाऊक नसेल त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगतो. पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ साली निघाला. सर दोराबजी टाटा त्याचे अध्यक्ष झाले आणि १९१९ च्या सुमारास तेथील क्रीडामेळाव्यात त्यांनी लांब पल्ल्याच्या शर्यती पाहिल्या. धावणारे बहुतेक शेतकरी वर्गातले. पायांत बूट नाहीत, शिकविणारा कोणी नाही, शर्यतीचे शास्त्र म्हणतात ते कशाशी खातात याची कल्पना नाही. तरीही त्यांच्या वेळा टाटांनी घड्याळात पाहिल्या तेव्हा युरोपातील धावपटूंच्या वेळांपासून त्या फार दूर नव्हत्या. पुढे १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष काउंट बेले-लातूर यांना लिहिलेल्या पत्रात टाटांनी हा सारा प्रसंग कळविला आहे. त्यात एक गंमतही आहे. शंभर मीटरच्या शर्यतीस ऑलिंपिकमध्ये किती वेळ लागत असेल, असे त्यांनी जिमखान्याच्या एका पुढारी सभासदास विचारले. तो म्हणाला, मिनिट-दोन मिनिटे! तेथे मिनिटांचा नव्हे तर सेकंदांच्याही अंशांचा हिशेब असतो हे ऐकून तो गृहस्थ चकित झाला. चालविणाऱ्यांना घड्याळ ठाऊक नव्हते आणि धावणाऱ्यांना गरज नव्हती, अशा त्या काळातली ही गोष्ट.

टाटांनी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कानावर ही गोष्ट घातली आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी सहा जणांचा संघ ठरला. भारतीय ऑलिंपिक संघटना तेव्हा अस्तित्वातही नव्हती. ती १९२७ साली निघाली. १९०० साली पॅरिसमध्ये नॉर्मन प्रिचर्ड धावला होता हे खरे, परंतु हिंदुस्थानने निवड करून पाठविलेला पहिला संघ हाच. त्यांत चार धावणारे होते आणि दोन मल्ल. धावणाऱ्यांत बंगालचे पूर्म बॅनर्जी, आणि इकडचे सदाशिव दातार, कैकाडी व बेळगावचे चौगुले. मल्लांत नवले आणि रणधीर शिंदे. यांपैकी शिंद्यांनी फेदरवेट गटात चौथा क्रमांक मिळविला, म्हणजे खाशाबांच्या बत्तीस वर्षे आधी पदक एका कुस्तीने हुकले. कुस्तीच्या या नगरीत त्या चौथ्या क्रमांकाचा उच्चार किती वेळा कानी पडतो, हा निराळाच विषय आहे. आज तो सोडून देतो.

बोटीने हे लोक जून महिन्यात निघाले, लंडनला उतरले, तेथे काही आठवडे सराव झाला आणि मग बेल्जियम. महायुद्ध संपून दोन वर्षेही झाली नव्हती. त्याच देशात ईप्रच्या आसपास १९१४-१५ मध्ये हिंदी पलटणी लढल्या आणि मातीस मिळाल्या होत्या. आता तेथेच हिंदी पोरे शर्यतीला आली होती, आणि तीही इंग्रजी अमलाखालच्या हिंदुस्थानच्या नावाने. चौगुल्यांनी आधी दहा हजार मीटरच्या शर्यतीत भाग घेतला; तीत प्राथमिक फेरीपुढे त्यांना जाता आले नाही. मग २२ ऑगस्ट १९२० रोजी मॅरेथॉन.

या मॅरेथॉनविषयी जाणकारांना सोडून फारसे कोणास ठाऊक नसलेली एक गोष्ट अशी, की ऑलिंपिकच्या इतिहासातील ती सर्वांत लांब मॅरेथॉन होय. आज जगभर बेचाळीस किलोमीटर आणि एकशे पंच्याण्णव मीटर हे अंतर कायम आहे. अँटवर्पचा रस्ता ४२.७५ किलोमीटरचा होता, म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून अधिक जादा. अठ्ठेचाळीस जण धावू लागले आणि पस्तीस जणांनी शर्यत पुरी केली. पहिला आला फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन, २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत. चौगुले एकोणिसावे आले. वेळ २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंद. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही.

एकोणिसावा क्रमांक म्हणजे काय, हे आकड्यांतून चटकन कळत नाही. म्हणून मी आपला एक घरगुती हिशेब केला. कोल्हापूर ते निपाणी अंतर सुमारे चाळीस किलोमीटर. तेव्हा कोल्हापुरातून निघावे, कागल मागे टाकावे, दूधगंगेचा पूल, मग कोगनोळी, पुढे यमगर्णीजवळ वेदगंगा, निपाणी, आणि तेथे न थांबता तवंदी घाटाच्या दिशेने आणखी थोडे जावे, इतके हे अंतर झाले. एस.टी.ने याला तास-सव्वा तास लागतो. चौगुले ते दर किलोमीटरला जवळजवळ बरोबर चार मिनिटे या गतीने, पावणेतीन तासांच्या किंचित वर, पायी धावले. ज्याने आयुष्यात कधी मुलाची शाळेची गाडी चुकू नये म्हणून एक किलोमीटर पळून पाहिले असेल त्याने हा चार मिनिटांचा आकडा मनाशी घोळवून पाहावा, आणि तो बेचाळीस वेळा गुणावा.

पुढच्या काळाशी ताडून पाहिले तरी हा पराक्रम उणा ठरत नाही. स्वतंत्र भारताचा सूरतसिंग माथुर १९५२ साली हेलसिंकीला मॅरेथॉन धावला. त्याची वेळ २ तास ५८ मिनिटे आणि क्रमांक बावन्नावा. म्हणजे बत्तीस वर्षांपूर्वी, अधिक लांब रस्त्यावर, चौगुले त्याच्यापेक्षा सात मिनिटे आधी पोचले होते. १९७६ साली माँट्रियलला शिवनाथसिंग अकरावा आला ही अर्थात फारच थोर कामगिरी. पण या दोन टोकांच्या मध्ये चौगुल्यांचे स्थान कोठे आहे ते वाचकांनीच ठरवावे. पदक नाही म्हणून नाव नाही, हा न्याय लावायचा तर शिवनाथसिंगासही तोच लावावा लागेल, आणि तो कोणी लावीत नाही.

आता मी वाचकांना थोडे आडवाटेला नेतो. त्याच अँटवर्पमध्ये, मॅरेथॉननंतर सहाच दिवसांनी, म्हणजे २८ ऑगस्टला, स्पेनचा फुटबॉल संघ आपल्या इतिहासातील पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला. फुटबॉल म्हटले की कोल्हापूरकराचे कान टवकारतात. ज्या गावात तालमींच्या नावांनी संघ उतरतात, पाटाकडील आणि खंडोबा यांच्या सामन्याच्या दिवशी अर्धे दुकान नोकरावर टाकून मालक शाहू स्टेडियमकडे जातो आणि उरलेले अर्धे बंद करून नोकर जातो, त्या गावाला ही हकिकत परकी वाटू नये. स्पेनने त्या दिवशी डेन्मार्कला एका गोलने हरविले. दुसऱ्या दिवशी यजमान बेल्जियमकडून ३-१ असा मार खाल्ला. पण मग स्वीडनला हरविले, इटलीला हरविले, आणि शेवटी ५ सप्टेंबर रोजी हॉलंडला ३-१ असे हरवून रौप्यपदक मिळविले. गोलात उभा होता रिकार्डो सामोरा, वय अवघे एकोणीस. पुढे तो जगप्रसिद्ध झाला. मला सांगायचे आहे ते मात्र त्याच्याविषयी नाही. हॉलंडविरुद्धचा तिसरा गोल ज्याने मारला त्या बुटक्या, सडपातळ आणि डोक्याला पांढरा रुमाल बांधून खेळणाऱ्या गड्याविषयी आहे.

त्याचे नाव राफाएल मोरेनो आरान्सादी. जन्म १८९२, गाव बिल्बाओ. घरी लाडाने पिचिची म्हणत आणि तेच नाव शेवटपर्यंत चिकटले. स्पॅनिश साहित्यात ज्याचे नाव मोठे आहे त्या मिगेल दे उनामुनोच्या नात्यातला हा पोरगा शिक्षणात फारसा रमला नाही, चेंडूत रमला. १९११ पासून तो अॅथलेटिक क्लबकडून खेळू लागला. १९१३ च्या ऑगस्टमध्ये त्या क्लबने सान मामेस हे आपले मैदान सुरू केले तेव्हा तेथला पहिला गोल याचा. १९१४, १५ आणि १६ अशी लागोपाठ तीन वर्षे क्लबने राजाचा चषक जिंकला. पंधरा सालच्या अंतिम सामन्यात याने एकट्याने तीन गोल केले. चौथा चषक १९२१ साली. देशासाठी तो पाचच सामने खेळला, पाचही अँटवर्पचे, आणि गोल एकच.

त्याची कारकीर्द शेवटी शेवटी गोड झाली नाही. वय तिशीकडे झुकले, पाय मंदावले, आणि ज्या प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले त्यांतीलच काही हुर्यो करू लागले. (येथे आपल्या स्टेडियमच्या पायऱ्यांवरील मंडळींनी स्वतःकडे पाहावे, नावे घेत नाही.) १९२१ मध्ये त्याने खेळ सोडला. शिट्टी घेऊन पंचगिरी करू लागला. आणि १ मार्च १९२२ रोजी विषमज्वरासारख्या तापाने, ज्याला तिकडे टायफस म्हणतात, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी वारला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आपले शाहू छत्रपती निवर्तले. कोल्हापूरच्या माणसाला ते साल लक्षात ठेवावयास निराळी खूण नको.

कारकीर्द एवढीच. पदकांच्या यादीत एक रौप्यपदक, तेही अकरा जणांत वाटलेले. पण पुढे पाहा. १९२६ साली क्लबने मैदानावर त्याचा अर्धपुतळा बसविला. तेव्हापासून प्रघात असा, की जो संघ त्या मैदानावर पहिल्यांदा खेळावयास येतो त्याच्या कर्णधाराने त्या पुतळ्यापुढे फुलांचा गुच्छ ठेवावयाचा. जुने मैदान पाडून २०१३ साली नवे बांधले, पुतळा नव्या जागी आला आणि प्रघात चालू राहिला. शिवाय ‘मार्का’ या वृत्तपत्राने १९५२-५३ च्या हंगामापासून स्पॅनिश लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्यास पिचिची नावाचे पारितोषिक देण्यास सुरुवात केली. आज मेस्सीचे नाव घेणारा आपल्याकडचा शाळकरी पोरगा त्याने किती पिचिची मिळविले हे बोटांवर सांगतो. ती एका माणसाची हाक होती हे त्याच्या गावीही नसते. नाव राहते ते असे. माणूस विसरला तरी राहते.

हे सगळे सांगण्याचे आणखी एक कारण आहे, आणि तेच माझ्या मते मुद्द्याचे. बिल्बाओ हे बास्क मुलुखातले गाव. बास्कांची भाषा वेगळी. स्पॅनिशशी तिचे नाते नाहीच, भोवतालच्या कोणत्याच भाषेशी नाही. अँटवर्पला गेलेल्या त्या स्पॅनिश संघात बरेचसे गडी बास्क होते. स्वीडनविरुद्ध ज्याच्या धडाकेबाज गोलामुळे स्पॅनिश आवेश हा शब्द खेळाच्या जगात रूढ झाला तो बेलाउस्ते तर कट्टर बास्क राष्ट्रवादी होता. पुढे त्याला देश सोडावा लागला आणि १९६४ साली तो मेक्सिकोत वारला. स्पेनचा म्हणून गाजलेला आवेश एका बास्काच्या छातीतला होता! फ्रँकोच्या राजवटीत बास्क भाषेची गळचेपी झाली. १९४१ साली परकी नावे नकोत म्हणून क्लबला आपले ‘अॅथलेटिक’ हे नावसुद्धा बदलून स्पॅनिश वळणाचे करून घ्यावे लागले, ते १९७० नंतर परत मिळाले. गावाच्या, दुकानाच्या, संस्थेच्या नावावरून माणसे कशी हातघाईवर येतात हे निपाणी-बेळगावच्या वाचकाला मी काय सांगावे? १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचे सरकारी नाव बेळगावी झाले. २०२४ साली कर्नाटकाने फलकांवर साठ टक्के भाग कानडी असलाच पाहिजे असा कायदा केला. पाटीवरची अक्षरे टेपने मोजण्याचे दिवस आले.

परंतु त्या सगळ्या धुमश्चक्रीत पिचिची कुणाचा, असा वाद तेथे झाल्याचे मी कोठे वाचले नाही. बास्कांनी त्याला आपल्या मैदानात उभे केले आणि माद्रिदच्या वृत्तपत्राने त्याच्या नावाने पारितोषिक ठेवले. दोघांनीही त्याला घेतले. आमच्याकडे नेमके उलटे झाले. चौगुल्यांना दोघांनीही घेतले नाही.

असे का व्हावे? माझ्यापुरते उत्तर त्यांच्या नावातच आहे. फडेप्पा दरेप्पा चौगुले. चौगुला म्हणजे पाटलाच्या हाताखालचा गावकामगार, मराठेशाहीच्या दप्तरात पानोपानी भेटणारा. फडेप्पा, दरेप्पा ही नावे कानडी वळणाची. ज्या सरहद्दीसाठी न्यायालयात नकाशे मांडले जातात ती या माणसाच्या नावातूनच जाते. पुण्या-मुंबईच्या संपादकाला "अप्पा" दिसले की तो म्हणतो, हे कर्नाटकाचे. बेंगळूरच्या संपादकाला "चौगुले" दिसले की त्याला ते मराठी वाटते. हा माझा तर्क आहे, आणि तो चुकीचा निघाल्यास मला आनंदच होईल. पण शिरोळ, हातकणंगले, गडहिंग्लज या आपल्याच तालुक्यांत कल्लाप्पा, भरमाप्पा, आण्णाप्पा घरोघर आहेत. त्यांतले कितीतरी घरात कानडी बोलतात, बाजारात मराठी बोलतात आणि कोणत्या भाषेत स्वप्ने पाहतात हे त्यांचे त्यांनाही सांगता यावयाचे नाही. त्यांना आम्ही कधी परके म्हटले नाही. मग पूल ओलांडल्यावरच नाव का खटकावे?

येथे माझ्याविषयी गैरसमज नको म्हणून सांगून टाकतो. सीमाप्रश्नावरचे माझे मत मी लपवीत नाही. १७ जानेवारी १९५६ रोजी बेळगाव-निपाणीत गोळीबारात पडलेल्या हुतात्म्यांपुढे आमच्या घरातल्यांनी माना तुकविल्या आहेत, आणि १ नोव्हेंबरला निघणाऱ्या मूक फेरीत आमचे आप्त पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. महाजन आयोग १९६६ साली नेमला गेला, त्याचा अहवाल सदुसष्टात आला, महाराष्ट्राने तो नाकारला. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. ८६५ गावांची मागणी आहे. दावा लागावा, मराठी माणसास न्याय मिळावा, हीच इच्छा. तरीपण एवढ्या वर्षांच्या भांडणाने आमच्या स्मरणशक्तीचे काय केले, हेही पाहिले पाहिजे. जे गाव आपले म्हणून मागतो त्या गावातली माणसे आपल्याला ठाऊक हवीत. ८६५ गावांची यादी तोंडपाठ म्हणणारे कार्यकर्ते मी पाहिले आहेत. त्या गावांच्या मुख्य शहरातून अँटवर्पला धावत गेलेल्या माणसाचे नाव विचारले तर तेही माझ्याकडे पाहत राहिले. मागणी भूमीची केली, आणि तिच्या अंगावरचे दागिने तसेच पेटीत कुलूपबंद राहिले. दुसऱ्या बाजूलाही काही फार निराळे असेल असे वाटत नाही. बेळगावात २०१२ साली विधिमंडळासाठी भव्य सुवर्णसौध उभा राहिला. शहर आमचे हे दाखवावयास एवढा दगड लागला. एका धावपटूचे नाव त्याहून पुष्कळ स्वस्तात पडले असते.

फुटबॉलपटूला एक सोय असते, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. त्याच्यामागे क्लब असतो, क्लबला मैदान असते, मैदानाला दर आठवड्यास येणारे लोक असतात. त्यांच्या ध्यानात ठेवावयाचे म्हटले तर पुतळा कोठे बसवावा हा प्रश्नच पडत नाही. मल्लालाही तालीम असते. तालमीच्या भिंतीवर वस्तादांच्या तसबिरी असतात, दर हनुमान जयंतीला त्यांना हार पडतो. कोल्हापूरच्या फुटबॉलने एवढे नाव कमावले, अनिकेत जाधवसारखा पोरगा २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून उतरला, यामागेही शेवटी तालमी आणि पेठाच आहेत. लांब पल्ल्याचा धावणारा मात्र एकटा. त्याचे मैदान म्हणजे रस्ता, आणि रस्ता कुणाच्याच मालकीचा नसतो. तो धावून गेला की धूळ खाली बसते आणि गाड्या सुरू होतात. चौगुल्यांच्या बाबतीत तर तो रस्ताही परमुलखातला. बेळगावच्या कोणी त्यांना त्या दिवशी धावताना पाहिले नाही.

मग काय करावे? पुतळा म्हटले की जागेवरून भांडण, चौक म्हटले की नावावरून भांडण. मला वाटते, धावणाऱ्याची आठवण धावूनच ठेवावी. २२ ऑगस्ट हा दिवस आहे. अंतर मी वर सांगितलेच. कोल्हापुरातून सुटून निपाणी ओलांडून जाणारी शर्यत, दर वर्षी, त्याच अँटवर्पच्या मापाची, पूर्ण ४२.७५ किलोमीटर. जगात दुसरीकडे त्या लांबीची शर्यत कोणी ठेवीत असल्यास माझ्या ऐकिवात नाही. २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांच्या आत जो येईल त्याला चौगुल्यांच्या नावाचे चांदीचे कडे. उरलेल्यांना गूळ-शेंगदाणे आणि पाण्याचा तांब्या.

अडचणी मला दिसत नाहीत असे नाही. राष्ट्रीय महामार्गावर धावू कोण देईल? सेवारस्ता सलग नाही. दोन राज्यांच्या पोलिसांची परवानगी लागेल, आणि पुलाच्या अलीकडे व पलीकडे बंदोबस्ताचे दोन निरनिराळे कागद. २०२२ च्या डिसेंबरात बेळगावजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले तेव्हा, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत एका कंडक्टरास मारहाण झाल्यावर, एस.टी. गाड्या दोन्हीकडून थांबल्या होत्या. तसे वातावरण असेल त्या वर्षी शर्यतीचे नावही काढता यायचे नाही. शिवाय ऑगस्ट म्हणजे ऐन पावसाचा महिना. २०१९ सालचा महापूर कोण विसरेल? तेव्हा हा महामार्गच कित्येक दिवस पाण्याखाली होता.

हे सारे मी परतल्यावर निपाणीला फोन करून त्या मुलास सांगितले. तो जरा वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले ते अगदी व्यवहाराचे होते: धावणाऱ्यांच्या छातीवरचा क्रमांक कोणत्या आकड्यांत छापायचा, मराठी की कानडी? मी म्हटले, पुलापर्यंत एक आणि पुलापलीकडे दुसरा असे तर काही करता येणार नाही. दोन्ही छापा, कापड मोठे घ्या. यावर तो हसला. त्याच्या दोन मित्रांना, एक निपाणीचा आणि एक चिकोडीचा, पहाटे पळावयाची सवय आहे. त्यांना घेऊन तो येत्या रविवारी नुसते कागलपर्यंत पळून पाहणार आहे. मी त्याला एवढेच सांगितले, की दूधगंगेच्या पुलावर पावसाळ्यात आडवा वारा फार असतो, तेथे डोकीवरची टोपी हातात घ्यावी.